साळूबाईच्या अटीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यात, चर्चच्या दारावर टांगलेली. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर चार-पाच वर्षांनी माझा जन्म झाला. साळूबाईचा मुलगा कडूबा देवीच्या साथीतून वाचला. नवस फेडायला तिनं घरचा हंडा, घागर, परात शहरातल्या ओताऱ्याकडं दिली. त्यातून मी घडले. माझा आवाज शिवारभर जाई. लोक कौतुक करत.

मला देताना साळूबाईनं फादरांना अट घातली. "गावात आपलं कुणी मेलं की ही वाजवायची. पण राखीव जागा मिळावी म्हणून नोकरीच्या कागदावर ज्यानं दुसरा धर्म लिहिला, त्याच्या मढ्याला वाजायची नाय."

हा टोमणा शेजारच्या आशाबाईच्या मुलाला होता.

फादर म्हणाले, "विचार कर, बाई. देणाऱ्याची इच्छा चर्चच्या कायद्यानं पाळावी लागते. पुढं तुलासुद्धा मोडता येणार नाही."

"मी कशाला मोडू?" साळूबाई हसली.

आशाबाईचा मुलगा विहिरीत बुडून गेला. घंटा वाजवा म्हणून तिनं फादरांचे पाय धरले. मागून साळूबाई म्हणाली, "नोकरी लागली तवा पेढे वाटले ना गं? आता कशाला रडती?"

मी गप्प राहिले.

पुढं कडूबा शहरात शिकला आणि नोकरीसाठी त्यानंही तेच लिहिलं. एके दिवशी ट्रकखाली सापडला. त्याला गावात आणलं, तशी साळूबाई धावत येऊन माझ्या दोराला लोंबकळली.

"माझ्या हंड्याची हाय ही! माझी हाय!"

नवे फादर म्हणाले, "मावशी, ती आता चर्चची आहे. मी नुसता राखणदार. अट सैल करायची तर बिशपांची परवानगी लागते. आत्ताच माणूस पाठवतो."

"तवर मढं थांबंल व्हय?"

तेवढ्यात आशाबाई पुढं आली. समजूत घालील, असं सगळ्यांना वाटलं. तिनं साळूबाईचं एकेक बोट दोरावरून सोडवलं.

"सोड, साळू. देणारणीची इच्छा हाय. मोडू नये."

कडूबाला तसंच मातीत ठेवलं. परवानगी आली ती आठवड्यानं. आता मी सगळ्यांसाठी वाजते.

साळूबाई वारली तेव्हा आशाबाईनं स्वतः दोर ओढला. लई वेळ ओढला. लोक म्हणाले, बाई मोठ्या मनाची. ओढताना ती काय पुटपुटत होती, ते मी एकटीनं ऐकलं. "ऐक, साळू. ऐक आता."

मित्रांनो, तुम्ही मला चिंचेनं घासता, दोर बदलता, तुमचे उपकार आहेत. एवढंच करा. कुणी रागाच्या भरात दान घेऊन आलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. राग उतरल्यावर या म्हणावं.