लाल धाग्यांचा गहू

मित्रांनो, मी एक जुना पेटारा आहे. पाइनच्या जाड फळ्यांचा, उंदराला दात लावता येणार नाही असा. फिनलंडच्या उत्तरेला, एका तळ्याकाठच्या कोठारात मी साठ वर्षे उभा आहे. आज माझ्यात फाटके बूट भरले आहेत. एके काळी माझ्यात बियाण्याचा गहू असे, आणि तोही असातसा नाही.

आमच्याकडे जमीन मे महिन्यात मोकळी होते आणि ऑगस्ट सरता सरता पिके गोठवणारे हिव पडते. तेवढ्यात पिकेल तो गहू, बाकी सगळे गवत. या घरच्या लेम्पीआजीला हे पक्के ठाऊक होते. ज्या ओंब्या सर्वांआधी पिवळ्या पडत, त्यांना ती लाल लोकरीचा धागा बांधायची. कापणीत त्या वेगळ्या काढून धाग्यासकट माझ्यात टाकायची. अशी तीस वर्षे! तिचा गहू बुटका, ओंबी आखूड, पण बारा दिवस आधी हाती यायचा. अख्खे गाव दर वर्षी माझ्यातूनच बी न्यायचे.

मग तिचा जावई आर्वो दक्षिणेतले शेतीचे प्रदर्शन बघून आला.

"सासूबाई, तिकडची ओंबी बघा, वीतभर! तुम्ही बसा बुटक्यांना लोकर बांधत."

"ओंबी मोजलीत, जावईबापू. दिवस मोजलेत का?"

"असं भीत बसलं तर झाली शेती!"

त्या हिवाळ्यात बर्फावर घसरून लेम्पीच्या मांडीचे हाड मोडले. ती इस्पितळात असताना आर्वोने माझ्यातला सगळा गहू डुकरांना घातला. गावाने माना डोलावल्या आणि त्याने आणलेले नवे बी नेले. मूठभर तरी ठेव, असे एकही शहाणा म्हणाला नाही.

उन्हाळाभर शेत कमरेएवढे, हिरवेगार. लोक बांधावर येऊन कौतुक करत. ऑगस्ट संपत आला तरी हिरवेच. दाणा अजून दुधात, कच्चाच होता. एका सकाळी हिवाने सगळे शेत पांढरे दिसले. चार दिवसांनी ओंबी दाबली की नुसते पाणी निघे.

पुढच्या मे महिन्यात आर्वोने माझे झाकण उघडले. खांद्यापर्यंत हात घातला, फळ्यांच्या फटी नखांनी खरवडल्या. दाणा एक नाही. मुठीत आले ते लाल धागे.

दारात लेम्पी काठी टेकून उभी होती.

"सासूबाई, कुणाकडे तरी थोडं असेल ना?"

"कुणाकडे असणार? सगळे इथूनच न्यायचे." ती त्याच्या मुठीकडे बघत राहिली. "पेरा आता लोकर."

त्यानंतर ती कोठारात कधी आली नाही. आर्वोने आजवर चूक कबूल केलेली नाही. तो हवामानाला शिव्या देतो.

मित्रांनो, नवे बी जरूर पेरा. पण जुने जपणाऱ्या म्हातारीला हसण्याआधी एक मूठ बाजूला ठेवा. माझ्यात बूट भरा नाहीतर मला फोडून चुलीत घाला, माझी तक्रार नाही. फक्त बुटांखाली हात घालून बघा. ते धागे अजून तिथेच आहेत.