नऊ इंच, चक्र न धरता

मी एक जुनं रिव्हॉल्वर आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात, असं मी ऐकून आहे. मी त्यातला नाही. माझ्याकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका.

मी जन्मलो त्या कारखान्यात नळ्या ठरावीक मापाच्या व्हायच्या. आखूड, मधली, आणि सगळ्यात लांब म्हणजे साडेसात इंचांची. माझी नळी मात्र नऊ इंचांची. गुरं चोरणाऱ्यांवर पाळत ठेवणाऱ्या एका निरीक्षकाने ती मुद्दाम सांगून करवून घेतली होती. नळी लांब असली की नेम चुकत नाही, असा त्याचा समज. नेम तरीही चुकायचाच, पण नळी झाली ती झाली. तसल्या मापाची माझी भावंडं जगात फार थोडी, आणि संग्राहक मंडळी असल्या वेगळ्या मापामागे खुळ्यासारखी धावतात. दीड इंच लोखंड जास्त, बाकी काही नाही! पण तेवढ्यासाठी माणूस काय काय करतो, ते मला फार उशिरा कळलं.

निरीक्षकाकडून मी अमेरिकेतल्या मोंटानात, नील्स ब्रेकीच्या गुरांच्या वाडीवर आलो. बाजारातलं कुठलंही म्यान मला आखूड पडायचं, म्हणून नील्सने खोगिराच्या चामड्यातून स्वतः माझ्यासाठी म्यान शिवलं. टोकाशी चामडं पक्कं करणारा रिव्हेट ठोकायचा तर त्याखाली घालायला चकती नव्हती. मग त्याने तांब्याच्या पत्र्यातून एक फूल कातरलं. पाच पाकळ्या करायला गेला आणि एक तुटली. हात गुरं राखणाऱ्याचे, सोनाराचे नव्हते. ते थोटं फूल म्यानाच्या आतल्या बाजूला, माझ्या नळीला टेकून बसलं ते कायमचं.

आता एक गोष्ट सांगतो, ती लक्षात ठेवा. चामडं लोखंडाला खातं. ते कमावताना त्यात जे मुरवतात, ते हळूहळू लोखंडाची झिलई पोखरतं. म्हणून शहाणे संग्राहक आम्हाला चामड्यात ठेवत नाहीत. पण ब्रेकी कुठले संग्राहक! त्यांनी मला वर्षानुवर्षं त्या म्यानातच ठेवलं आणि नील्सचं फूल माझ्या नळीवर उमटलं. चार पाकळ्या आणि एक थोटूक. मी त्याला कधी डाग म्हटलं नाही.

कामाचं म्हणाल तर मी काही साप मारले. एकदा पाय मोडलेल्या घोड्याला सोडवलं, त्या दिवशी नील्स जेवला नाही. माणसावर मला कुणी कधी रोखलं नाही, आणि याचा मला अभिमान आहे.

पुढे मी नील्सच्या नातवाकडे, हाल्वरकडे आलो. माणूस साधा, पण जिभेला विसावा नाही. शनिवारी सकाळी तो गावातल्या कॅफेत जायचा. तिथे जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांचं मंडळ पॅनकेक खायला जमायचं. ते आपापल्या कपाटांतल्या मौल्यवान चिजा वर्णन करायचे आणि हाल्वर म्हणायचा, आमच्या घरी आजोबांचं नऊ इंची आहे. म्हातारा फेकतोय, असं म्हणून बाकीचे कॉफी ओतून घ्यायचे. फक्त मंडळाचा अध्यक्ष वेंडल क्राउस हसायचा नाही. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

एका रविवारी चर्च सुटल्यावर हा वेंडल वाडीवर आला. हाल्वरने मोठ्या कौतुकाने मला म्यानातून काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. वेंडलने मला उजेडाकडे धरून पाहिलं. मग म्हणाला, "हाल्वर, चामड्यात ठेवलंस याला? अरे, पाप आहे हे. मला दे, साफ करून आणतो."

यात खोटं काहीच नव्हतं. मित्रांनो, खरं बोलणाऱ्या चोराला जास्त भ्या.

हाल्वरच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. समोर माणूस आहे की खांब आहे, एवढंच कळायचं. हे वेंडलला माहीत होतं. त्याने मला आपल्या गॅरेजात नेलं, पकडीत आवळलं आणि माझी नळी पिळून काढली. जन्मापासून बसलेले आटे सुटताना जो आवाज झाला, तो मी विसरलेलो नाही. ती नळी त्याने आपल्याकडच्या, माझ्याच जातीच्या एका चकचकीत सांगाड्यावर बसवली. माझ्या तोंडावर कुठलीशी साडेसात इंची नळी फिरवून बसवली आणि मला मऊ पिशवीत घालून परत आणलं.

हाल्वरने मला हातात तोललं. हलका लागतोय रे, म्हणाला.

"एवढ्या वर्षांचा मळ काढलाय," वेंडल म्हणाला, "हलका लागणारच. आता याला पिशवीतून काढू नकोस, आणि त्या चामड्यात तर मुळीच घालू नकोस."

हाल्वरने त्याचे आभार मानले. वर चोकचेरी नावाच्या रानफळाच्या घरच्या जॅमची बरणी दिली. वेंडलने ती घेतली! हातपाय नसल्याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

आता खरी गोष्ट. जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये मंडळाचं वार्षिक प्रदर्शन भरतं. तिथला रिवाज असा, की कुणी वेगळ्या मापाचा दावा केला तर वस्तू टेबलावर ठेवायची आणि सगळ्यांदेखत पट्टी लावायची. वर्षानुवर्षं टोमणे खाऊन कंटाळलेला हाल्वर मला घेऊन गेला. चांगला कोट घालून गेला. पट्टी लागली. साडेसात.

रिव्हॉल्वरची नळी मोजताना मागचं गोळ्यांचं चक्र धरायचं नसतं. नवखे ते धरतात. आणि माझं दुर्दैव असं, की साडेसात इंची नळीत चक्र धरलं तर माप जवळजवळ नऊ भरतं.

"काय रे हाल्वर, चक्रही मोजलंस की काय?" कुणीतरी म्हणालं, आणि हॉलभर हशा पिकला. मापं तपासणाऱ्या लव्हर्न मेचमबाईसुद्धा हसल्या. वेंडल तिथेच उभा होता. मोठ्या दयाळूपणे म्हणाला, जाऊ द्या रे, डोळे गेलेत बिचाऱ्याचे.

त्या दिवसापासून गावात एक नवं माप सुरू झालं. कुणी मासा वाढवून सांगितला, कुणी आपल्या पिकाची बढाई मारली, की लोक विचारायचे, हे साधे इंच की ब्रेकी इंच? हाल्वरने कॅफेत जाणं सोडलं. तो घरी मला मांडीवर घेऊन बसायचा आणि नळीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवायचा, ते फूल शोधत. बोटांना काही लागायचं नाही. मग त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. बिलिंग्जला नर्स असलेल्या त्याच्या लेकीने, इंगाने, एकदा फोनवर विचारलं, पप्पा, लहानपणी तुम्ही खरंच चक्र धरून मोजलं असेल का? तो म्हणाला, असेल.

वडिलांच्या तोंडचा तो "असेल" इंगाला फार लागला. त्या हिवाळ्यात हाल्वर गेला. खोटारडा ठरून गेला, आणि तेही स्वतःच्या नजरेत.

मला तेव्हा काय हवं होतं? मला वेंडल हवा होता. भर हॉलमध्ये, सगळ्यांदेखत.

पुढच्या प्रदर्शनात इंगाने वडिलांचं सामान विकायला एक टेबल घेतलं. गोठ्यातल्या खुंटीवरचं म्यान तिने आणलं आणि माझ्या शेजारी ठेवलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याने दोन्ही उचलून पाहिलं आणि म्हणालं, "बाई, हे म्यान याचं नाही. खूप लांब आहे."

हे पणजोबांनी याच्याचसाठी शिवलंय, इंगा म्हणाली, आणि तिने मला आत सरकवलं. मी आत पडलो आणि खुळखुळलो. खाली मोकळी जागा उरली. इंगाने बाहेरून टोक दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. मग मला बाहेर काढून तिने म्यानाच्या तोंडात डोळा घातला. तळाशी तांब्याचं फूल होतं, आणि माझी नळी तिथवर पोचतच नव्हती. आपले वडील बरोबर होते, हे तिला त्या क्षणी कळलं.

हॉलच्या मधोमध काचेच्या पेटीत वेंडलची नवी चीज मांडली होती. नऊ इंची, झकपक, वर पहिल्या बक्षिसाची निळी फीत लावलेली. भोवती गर्दी. इंगा मला आणि म्यानाला घेऊन तिथे गेली. आणि मित्रांनो, मला माझी नळी दिसली. परक्या धडावर! तिच्यावर माझं फूल जसंच्या तसं होतं.

"वेंडलकाका, हा डाग कसला?" इंगाने विचारलं.

"डाग नव्हे पोरी, खूण आहे," वेंडल चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला. "कुणा अडाण्याने चामड्यात ठेवलेलं दिसतंय. आत एखादी चकती असणार. घासून घालवता आली असती, पण मग वस्तू मेली म्हणून समज. मूळचं ते मूळचं. आमच्यात असल्या खुणेला कुणी हात लावत नाही."

हीच त्याची चूक. चोरी पचवायला फक्त ते फूल घासून टाकायला हवं होतं. पण संग्राहकाचा हात मूळच्या झिलईवर चालत नाही. हाल्वरचं नाव पुसताना त्याला काही वाटलं नाही, आणि एवढासा गंज पुसताना जिवावर आलं.

"म्हणजे तुम्ही हात लावलेला नाही?"

"शपथेवर सांगतो."

इंगाने खिशातली सुरी काढली आणि पणजोबांनी घातलेली म्यानाची शिवण टोकापासून उसवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. चामडं उलगडलं आणि तांब्याचं थोटं फूल उजेडात आलं. तिने मेचमबाईंना पेटी उघडायला सांगितलं. वेंडल मध्ये आला, म्हणाला, चामडं लावू नका, नियम आहे. मेचमबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. हातमोजे घातले, चक्र रिकामं असल्याची खात्री केली आणि चामडं नळीवर हलकेच टेकवलं. पाकळी पाकळीत बसली. थोटूक थोटकात बसलं.

वेंडल म्हणाला, योगायोग असेल. मग म्हणाला, पोलिसांपर्यंत नको, समजुतीने घेऊ, तू म्हणशील ते देतो.

"मला काही नको," इंगा म्हणाली. "तुम्ही फक्त पट्टी लावा."

त्याला पट्टी दिली. त्याने ती आधी उलटी धरली, मग सुलटी करून नळीवर ठेवली. सगळा हॉल थांबून होता, आणि मला कसलीही घाई नव्हती.

"नऊ," तो पुटपुटला.

"मोठ्याने, वेंडल." 'काका' हा शब्द इंगाने आता गाळला होता.

"नऊ इंच."

"चक्र धरून?"

त्याने पट्टी खाली ठेवली. हाल्वरवर हसलेली सगळी तोंडं तिथे होती आणि एकही हसत नव्हतं.

"चक्र न धरता," वेंडल म्हणाला.

अध्यक्षपद गेलं, मंडळ सुटलं, कोर्टात नाव गेलं. पण मला विचाराल तर ते तीन शब्दच पुरे होते. मेचमबाई इंगाजवळ येऊन म्हणाल्या, मीही हसले होते गं. इंगाने मान हलवली. ठीक आहे, असं ती म्हणाली नाही. मला ती त्या वेळी फार आवडली.

माझी नळी परत माझ्यावर बसली आहे. तुम्ही आमची निगा राखा, तेल लावा, कुलपात ठेवा, आणि एखाद्या वस्तूवर काही उमटलेलं दिसलं तर चटकन घासू नका. ती काहीतरी जपून ठेवत असते. आणि कुणाच्या मापावर हसण्याआधी पट्टी कुणाच्या हातात गेली होती, ते बघा.

इंगाने म्यान पुन्हा शिवलं आणि मला त्यातच ठेवलं. मंडळाचे लोक घरी येऊन हळहळतात, अहो चामडं खाईल याला. खाऊ दे. वेंडल अजून त्याच गावात राहतो, आणि ते फूल माझ्यावर दर वर्षी थोडं आणखी खोल जातं.