सीलबंद घरातून लागलेला दिवा

सरकारी माणसांनी फिक्रीच्या घराला लाखेचं सील ठोकलं, विजेचं मीटर उपटून नेलं आणि जाताना जिन्यात थुंकले. फिक्री माझा धाकटा भाऊ, सध्या कोठडीत. गिरणीच्या फाटकात शिपायाचं डोकं त्यानं फोडलं म्हणे. साफ खोटं! त्या वेळी तो कुठे होता ते दाखवणारा व्हिडिओ त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये, सीलच्या आत. उद्या सुनावणी. वकील म्हणाला, "आज संध्याकाळपर्यंत आण, बहगत. नाहीतर दहा वर्षं भाऊ विसर."

आमचे दोन कॉम्प्युटर आम्हीच जोडले होते. त्याच्या दुसऱ्या मजल्यावरून माझ्या चौथ्यावर, हवेच्या डक्टमधून केबल. आमच्या आख्ख्या शुब्रा वस्तीत लोक असंच करतात, आणि जोडलं की सगळी डिस्क एकमेकांना उघडी. गाणी घे, सिनेमे घे. पासवर्ड लावणारा माणूस कंजूष.

भर दुपारी मी ती केबल खोचली. आशेला अक्कल नसते.

शेजारची उम्म वहीद माझ्या दारात बसून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत होती. "मीटर नेलंय रे. मेलेल्या गाढवाला चारा घालतोस?"

"खाला, तुझी जीभ त्या मीटरपेक्षा जोरात पळते."

तेवढ्यात माझ्या कॉम्प्युटरवर, केबलच्या खाचेजवळचा हिरवा दिवा लागला. पलीकडचा कॉम्प्युटर चालू असेल तरच तो लागतो.

खालाचे हात थांबले. "खाली कोण आहे?"

"कोणी नाही. आत्ताच बघून आलो. सील शाबूत आहे."

पडद्यावर फिक्रीचं मशीन दिसलं. व्हिडिओही सापडला. मी तो माझ्याकडे उतरवायला लावला. नऊ टक्के. वीस. आणि माझी डिस्क आपोआप कुरकुरायला लागली. तिकडून कुणीतरी माझ्या फायली उघडत होतं. गिरणीतल्या चाळीस कामगारांचे मी गुपचूप लिहून घेतलेले जबाब, प्रत्येकाच्या नावाची वेगळी फाइल; सरकारच्या हाती लागले तर सगळे आत. एकेक, क्रमानं, सावकाश.

"त्यात माझा वहीद आहे," खाला उठली. "तोड ती केबल!"

"अर्धा झालाय. भाऊ आहे माझा!"

"आणि तो माझा मुलगा नाही? तोड, हरामखोरा!"

मी केबल उपटली. व्हिडिओ सत्तरवर मेला.

केबल माझ्या मुठीत होती. दिवा हिरवाच राहिला. अठरावी फाइल उघडली. मग एकोणिसावी.

खाला पडद्याशी आली. मग कोरड्या आवाजात म्हणाली, "परत लाव. ते तर वाचणारच आहेत. निदान फिक्रीला तरी बाहेर काढ."

मी लावली. व्हिडिओ पुन्हा शून्यापासून सुरू झाला. वहीदची फाइल उघडली तेव्हा खाला पडद्याकडे बघतच नव्हती. दाराकडे कान लावून ती जिन्यातली पावलं ऐकत होती. पावलं दुसऱ्या मजल्यावरून वर यायला लागली होती, आणि फिक्रीचं सीलबंद दार उघडल्याचा आवाज काही झाला नव्हता.