बिनसांध्याची फरशी

"ताई, तुमच्या फरशीवर कुणीतरी उभं आहे," नकाशेवाला म्हणाला.

ती खुर्ची मागे सारून त्याच्या टेबलाशी गेली. संगणकावरच्या खेळाचे नकाशे तो जुळवायचा. त्यात अंथरायच्या फरश्या आणि भिंती ती करून द्यायची. पडद्यावर छपराविना, वरून पाहिलेलं एक लहानसं घर होतं. आतल्या खोलीपासून दारापर्यंत तिची नवी फरशी पसरली होती, फिकट राखाडी, बारीक काळ्या ठिपक्यांची. आणि प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्यात तोच करडा, वाटोळा डाग.

"इथे बघा, इथे, आणि हा इथे. वस्तू नाही आणि सावली आहे. भूत ठेवलंय का कामाला?"

"सुटलं माझ्या नजरेतून."

"तुमच्या? कमाल झाली. माझ्या नकाशातला केसभर सांधा तुम्हाला लांबून दिसतो."

"तुझे सांधे लांबूनच दिसतात," ती म्हणाली. तो हसला.

"काढून टाका ना आत्ताच. दोन मिनिटांचं काम."

"सोमवारी काढते."

"दोन मिनिटांसाठी सोमवार?"

ती आपल्या खुर्चीकडे वळली. त्याने ताणलं नाही.

फरशीचं काम तसं सरळ असतं. फोटोतून एक चौकोन कापायचा, तिरपा असेल तर ताणून सरळ करायचा. मग तो अर्धा इकडे, अर्धा तिकडे असा सरकवायचा, म्हणजे कडा मधोमध येतात आणि सांधा उघडा पडतो. तो शेजारच्या ठिपक्यांनी बुजवायचा. एवढं जमलं की एकाला एक लावून मैदानभर फरशी अंथरा, जोड सापडत नाही. पथ्य एकच. चौकोनात डोळ्यात भरेल असं काही ठेवायचं नाही. एकदा असेल ते शंभरदा दिसतं.

ही फरशी मात्र तिने दुकानातल्या नमुन्यावरून केली नव्हती. ती त्यांच्या जुन्या भाड्याच्या घराची होती. तिघं तिथे राहत होती, लेक चार वर्षांची होईपर्यंत. मग नवरा-बायको वेगळी झाली, घर सोडलं, आणि लेक तिच्या बाबांबरोबर दुसऱ्या शहरात गेली. बाबांची आई घरात होती, हिच्या कामाला वेळेचं बंधन नव्हतं. त्या वेळी ते सगळ्यांना शहाणपणाचं वाटलं होतं. तिलासुद्धा.

फरशीचा म्हणून कुणी फोटो काढून ठेवत नाही. जे होते त्यांत फरशीवर माणसं होती. कुठे नवऱ्याच्या चपला, कुठे तिच्या साडीचा काठ. शेवटी जो त्यातल्या त्यात मोकळा निघाला, त्यात लेक खुर्चीचा पाय धरून पहिल्यांदा उभी राहिली होती. चौकोन कापला तरी एक पाऊल आत येतच होतं. तिने ते पाऊल पुसलं. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, शेजारचे ठिपके उचलून उचलून, डोळ्यांत तेल घालून पुसलं. पावलाखालची सावली तेवढी राहून गेली.

रविवारी दुपारी मायलेकी फोनवर बोलत बोलत हाच खेळ खेळायच्या, पडद्यावर आपापली बाहुली चालवत. कच्चे नकाशे लेकीला दाखवायची परवानगी तिने मागून घेतली होती. या घराबद्दल ती काही बोलली नव्हती. सांगून पटली तर ती ओळख कसली? लेकीने आपण होऊन म्हणावं, अगं, हे आपलं घर. एवढ्यासाठी तिने महिनाभर जीव ओतला होता.

"आई, तुझी बाहुली बदकासारखी काय चालते?"

"बाहुल्या मी नाही करत. मी फरशी आणि भिंती."

"म्हणजे मैत्रिणींना काय सांगू, माझी आई फरशी बसवते?"

"सांग की. पाठ दुखत नाही म्हणावं, डोळे दुखतात."

लेक फिदीफिदी हसली. लाल टोपीवाली तिची बाहुली घरात शिरली. आईची निळी बाहुली दारातच थांबली.

"छोटंसंच आहे. खजिना कुठंय?"

"या घरात नाही खजिना."

"मग घर कशाला केलं?"

"भिंत बघ ना."

"बघितली. हिरवी आहे." लाल टोपी खोल्यांतून फिरली. खिडकीपाशी वळली, पुन्हा आली. "थांब, हे काय? आई, इथे कुणीतरी अदृश्य आहे. बघ ना, सगळीकडे सावली आहे."

"कोण असेल?"

लेकीने जरा विचार केला. "कुणीतरी लहान. सावली केवढीशी आहे."

आईने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांवर आले होते.

"चुकलंय का गं तुझं?"

"हो," ती म्हणाली. "चुकलंय. उद्या काढणार आहे."

"काढच. लहान मुलं घाबरतील."

पलीकडून बाबांचा आवाज आला, ताटं वाढलीत, ये.

"आले! आई, मी जेवून येते हं. बाहुली इथेच राहू दे." फोन बंद झाला.

लाल टोपी आतल्या खोलीत उभी होती. हलकेच वरखाली होत होती, जणू श्वास घेत होती. आईने आपली बाहुली दारातून आत आणली आणि तिच्या शेजारी नेऊन उभी केली. बराच वेळ दोघी तशाच होत्या.

न हलणाऱ्या बाहुलीला खेळ थोड्या वेळाने बाहेर काढतो, जागा अडू नये म्हणून. लाल टोपी एकदा लुकलुकली आणि दिसेनाशी झाली.

लेक परत आली नाही. दुपार उतरायला लागली. आई पडद्यासमोरून उठली नाही. आपल्यालाही बाहेर काढू नये म्हणून अधूनमधून बटण दाबत राहिली, एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे.