दोन झाकलेल्या गाड्या

अनंत गुडघे टेकून बसला आणि स्वतःच्या मापकाने दुसऱ्या गाडीच्या चाकांतली हवा मोजू लागला. पहिलीची मोजून झाली होती. काटा त्याच जागी थांबला, तरी त्याने मागची चाकंही तपासली.

"सर, दोन्हींची सारखीच आहे," हिमानी म्हणाली.

"असेल," तो म्हणाला आणि उरलेल्या चाकाकडे वळला.

देडतलाईच्या रस्त्यावरच्या ढाब्यासमोर दोन ठेंगण्या, दोन दारांच्या गाड्या उभ्या होत्या. बाजारात यायच्या आधी कोणाला रूप कळू नये म्हणून दोन्हींवर काळ्या-पांढऱ्या नक्षीचं वेष्टन चढवलं होतं. हिमानी त्या बनवणाऱ्या कंपनीची इंजिनियर, पुण्याहून आलेली. अनंतचं बुऱ्हाणपुरात कापडाचं दुकान होतं. पण खानदेशापासून निमाडापर्यंतचे गाडीवेडे त्याला ओळखत ते इंटरनेटवरच्या लिखाणामुळे. साध्या माणसाला परवडणारी स्पोर्ट्स कार बनवायची असेल तर आधी जीव लावून गाडी चालवणाऱ्यांना विचारा, असं तो वर्षानुवर्षं कंपन्यांना सुनावत आला होता. कोणी विचारलं नाही. आता एकीने विचारलं, तर त्याला त्यात काळंबेरं दिसत होतं.

"यांचं सगळं पहिलेच ठरलेलं असते, भैया," गौरव हळूच म्हणाला. तो केळीचा बागायतदार, अनंतच्या ग्रुपमधला जुना दोस्त. "जाहिरातीत तुमचा फोटो लावतील न् मोकळे होतील."

अनंतला वेगळं वाटलं नाही.

"एक गाडी तुम्हा शौकिनांनी जे जे मागितलं त्याप्रमाणे बांधलीय," हिमानीने सांगितलं. "दुसरी आमच्या लोकांनी स्वतःच्या मनाने. भाव दोन्हींचा एकच राहील. कुठली कोणती, ते मी सांगणार नाही. खकनारच्या अलीकडे पेट्रोल पंप आहे, तिथून परत फिरायचं."

"न् आमची मुद्दाम बिघडवली असेल तर?" गौरवने विचारलं.

"म्हणून तर हवा मोजू दिली," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

पहिलीत बसताच त्याने ओळखलं. सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली, स्टिअरिंग जड, गिअर हाताने टाकायचा आणि टाकताना नीट खटका जाणवणारा. आवाज छातीत घुमणारा. त्याने लिहिलेलं एकूण एक त्या गाडीत उतरलं होतं. सरळ रस्त्यावर ती बाणासारखी सुटली. खड्डे आले तेव्हा मात्र त्याला दात आवळून धरावे लागले. ओढ्यांवरच्या मोऱ्यांजवळ तो आपोआप वेग कमी करत होता. पंपाशी त्याने गाडी वळवली आणि शेजारी बसलेल्या हिमानीकडे पाहिलं. ती बाहेर कपाशीकडे बघत होती.

"जमली," तो म्हणाला.

दुसरीत तो चुका काढायलाच बसला. सीट थोडी उंच होती, ही एक चूक. आवाज दबलेला, ही आणखी एक. मग तोच तुटका रस्ता आला आणि तो तयारीने आवळून बसला. पण गाडीने खड्डा पोटात घेतला आणि वळणावर रेषा सोडली नाही. त्याने जरा जोर दिला. मोरी आली, गेली. पुढचं वळण दिसायच्या आत त्याचे हात त्यासाठी तयार होते. कॉलेजात असताना मामाच्या गाडीत असं व्हायचं, एवढंच त्याच्या मनात आलं. बाकी काही आलं नाही.

बाजारातली गर्दी समोर आल्यावर त्याने ब्रेक दाबला. मिरच्यांचे ढीग, बैलगाडी, टपऱ्या. हे देडतलाई होतं. पंप कधीच मागे पडला होता.

"तुम्ही सांगितलं का नाही?" त्याने विचारलं.

"तुम्ही चालवत होता," हिमानी म्हणाली.

त्याने गाडी वळवली.

ढाब्याशी गौरव फोन हातात घेऊन उभा होता. "बोला भैया, ग्रुपवर सगळे वाट पाहून राहिले. कोणती?"

अनंतने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांचे शब्द होते, आणि ते वाचून मान डोलावणारी माणसं त्या फोनपलीकडे बसली होती.

"पहिली," तो म्हणाला.

"मला वाटलंच," गौरव म्हणाला आणि लिहायला लागला.

हिमानीने मान हलवली. "ठीक. मग पहिलीच काढू."

"म्हणजे?"

"आमच्यात दोन तट पडलेत, सर. बाकी गावांतल्या शौकिनांतही निम्मे इकडे, निम्मे तिकडे. तुमचं मत शेवटचं. तुम्ही सांगाल ती बाजारात आणायची, असं ठरवून आलेय."

"असं कोणी खरंच ऐकतं का?"

"ऐका, असं तुम्हीच तर सांगत होता."

टोमणा असेल म्हणून त्याने तिचा चेहरा निरखला. डोळे पाहिले, ओठांचे कोपरे पाहिले. तिथे काही नव्हतं. ती उन्हात दमलेली, उत्तर मिळाल्यामुळे सुटल्यासारखी दिसणारी एक मुलगी होती.

"दुसरीची किल्ली द्या, सर. गाड्या न्यायला ट्रक येतोय."

अनंतने खिशात हात घातला. किल्ली बोटांना लागली, पण हात बाहेर आला नाही.

"एकदा अजून चालवून पाहतो," तो म्हणाला.

"कोणती?"

गौरवचा अंगठा फोनवर थांबला. अनंत दुसऱ्या गाडीचं दार उघडत होता.