हाळीबाहेरचं घर

सोसायटीची वर्गणी पुन्हा वाढली, तेव्हा सहदेवचं डोकं फिरलं. तसा तो भांडखोर नव्हे. पण कचेरीत कारकुनी करून त्याला खोड लागली होती, कुठलाही खर्च दिसला की आधी त्यामागचा नियम विचारायचा. विहिरीवरची मोटर, ठीक. रस्त्यावर टाकलेली खडी, तीही ठीक.

"पण हे काय?" मिटिंगमध्ये तो उभा राहून म्हणाला, "हाळीचे पैसे? एक म्हातारा संध्याकाळी येऊन ओरडणार, आणि त्याबद्दल आपण घरटी वर्गणी भरायची?"

लोक हसले. सेक्रेटरी श्रीपत गुरुजी मात्र हसले नाहीत. "जागा घेतानाची बोली आहे ती, सहदेवराव."

"कागदावर आहे?"

"नाही."

"मग माझं घर सोसायटीतून काढा. पाणी मी माझं बघतो, कंदील माझा लावतो. आणि त्या म्हाताऱ्यालाही सांगा, माझ्या दारात हाळी नको."

मागून एसटीवर ड्रायव्हर असलेला रामजी ओरडला, "माझंबी काढा!" आणि पुन्हा हशा झाला.

सहदेवची बायको मंजुळा बायकांच्या बाजूला बसली होती, मांडीवर त्यांची पोर आवडी. तिला हसू आलं नाही. सहदेव म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं, हे तिला कळत होतं. तीही बी.ए. झालेली, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण आवडी झाल्यापासून तिची नजरच बदलली होती. पोरीचं पाणी उकळून गाळून घ्यायचं, मागच्या दाराची कडी दोनदा बघायची, झोपेत तिच्या नाकापुढे बोट धरायचं. कशाची भीती वाटते, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

महाडहून पोलादपूरकडे निघालं की गाव मागे पडल्यावर डोंगराच्या कुशीत ही बैठी घरं लागत. शिक्षकांनी, कारकुनांनी मिळून हप्त्यांवर उठवलेली. पूर्वी ते गायरान होतं, आणि त्याच्याही आधी तिथे एक वाडी होती म्हणत. गायरान विकताना वरच्या वाडीतल्या लोकांनी एकच अट घातली होती: हाळी चालू राहील. म्हणून रोज दिवेलागणीला कुशाबा काठी टेकत खाली उतरे आणि एकेका फाटकापुढे थांबून घरधन्याच्या नावाने हाक घाली. "सहदेवाचं घर! हाय काऽ?" आतून कुणीतरी "हाय!" म्हणायचं. तसा तो पुढच्या फाटकाकडे. बस, एवढंच.

आवडीला ते फार आवडे. हातातलं टाकून ती उंबऱ्याशी धावायची आणि इतक्या जोरात "हाय!" म्हणायची, की म्हातारा काठी वर करून हसायचा.

सहदेवने सोसायटीचा राजीनामा दिल्यानंतरच्या संध्याकाळी कुशाबा नेहमीप्रमाणे आला. शेजारी गुरुजी आणि त्यांच्या बायको जानकीकाकू यांच्या फाटकापुढे थांबला, हाक घातली. मग मान खाली घालून मंजुळाच्या फाटकावरून सरळ पुढे गेला. आवडी उंबऱ्यात उभी राहून वाट बघत राहिली. तोंड उघडंच राहिलं तिचं.

"उद्या येईल हं," मंजुळा म्हणाली, आणि आपण खोटं का बोललो, असं तिला वाटून गेलं.

दिवाळी तोंडावर आली होती. भात कापून झालं होतं, संध्याकाळी पेंढ्याचा वास यायचा. चार-पाच दिवस गेले असतील. मंजुळा स्टोव्हला पिन मारत बसली होती. आवडी खेळता खेळता उठली आणि पुढच्या दाराकडे न जाता मागच्या, डोंगराकडच्या दाराशी गेली. बंद दाराला तोंड लावून म्हणाली, "हाय!"

"कुणाला गं सांगतेस?"

"हाक मारली ना."

मंजुळाने काही ऐकलं नव्हतं. तिने कडी काढून पाहिलं. परसात पडवळाचा मांडव, त्यामागे दगडांचा गडगा, त्यामागे डोंगर. बाहेर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आवडी "हाय!" म्हणून थांबली, कान देऊन ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "आई पन हाय. बाबा नाय आला."

मंजुळाने तिला उचलून पुढच्या खोलीत आणलं. सहदेव आल्यावर तिने सांगितलं. तो बूट काढत होता.

"मुलं बोलतात गं. तिची हाक बंद झाली, म्हणून ती स्वतःच खेळते. तू एवढी शिकलेली बाई!"

"अहो, पण ती मागच्या दाराशी का जाते?"

"मग मागचं दार रंगवून घेऊ," तो म्हणाला. त्याच्या परीने हा विनोद होता.

सहदेवसारखीच हाळी सोडलेला रामजी त्याच आठवड्यात माघारी फिरला. भर रस्त्यात, चार माणसांदेखत कुशाबापुढे उभा राहून म्हणाला, "मला हाळी हवी." कुशाबाने लगेच त्याच्या घराला हाक घातली, आतून रामजीच्या बायकोने रडवेल्या आवाजात "हाय" म्हटलं. सहदेव सायकलवरून उतरता उतरता म्हणाला, "काय ड्रायव्हरसाहेब, रिव्हर्स टाकला?" रामजीने त्याच्याकडे पाहिलं नाही. "तुमी बगा तुमचं," म्हणाला आणि घरात शिरला.

मंजुळाला मग राहवलं नाही. आवडीला कडेवर घेऊन ती दुपारीच वरच्या वाडीत गेली. कुशाबा अंगणात दोर वळत होता.

"बस बाय. येनार हे ठावं होतं मला."

"बाबा, ही हाळी कशासाठी आहे? खरं सांगा."

त्याने दोर बाजूला ठेवला. "तुमची घरं हायत ना, तितं आमची वाडी होती. माज्या आज्याच्या बापाच्या टायमाला डोंगर खाली आला. सगळी घरं गेली, मानसं आतच. वाचलेली लोकं दिस बुडताना हाका मारीत फिरली, कोन जित्तं हाय का बगायला. तर मातीखालनं आवाज यायचे. हाय, हाय. खनलं तर कोन नाय. खनायचं थांबलं तरी आवाज थांबले नायत." त्याने आवडीकडे पाहिलं. "तवापासून जित्या घरांना आमी रोज हाक घालतो. जित्या मानसानं हाय म्हनलं की झालं, ते घर त्याचं. ज्या घराला हाक नाय, ते त्यांना रिकामं वाटतं. मंग ती येतात, आपलंच घर समजून. वाईट नायत गो ती. घर नाय त्यांना, एवढंच."

"मग आम्हाला घाला ना हाक. पैसे मी देते, ह्यांना सांगू नका."

"पैशाचं कोन बोलतंय? घरधन्यानं नको म्हनलंय, त्यानंच हवी म्हनायला पायजे. तुला कसं सांगू, तुज्या हातात नाय ते."

तेवढं एक वाक्य तिला झोंबलं. परत उतरताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं. तिच्या हातात नाही म्हणजे काय? घर सारवते-पुसते ती, पोर सांभाळते ती. हाकच घालायची ना? मग ती कुणीही घालेल.

संध्याकाळी तिने आवडीला पुढच्या खोलीत चटईवर बसवलं, पुढ्यात भातुकली मांडली. "मी फाटकातून हाक मारीन हं. तू मोठ्यानं हाय म्हणायचं." आवडीने मान डोलावली. मंजुळा फाटकाबाहेर गेली. इकडे-तिकडे पाहिलं, लाज वाटत होती. मग कुशाबासारखाच सूर लावून तिने हाक घातली, "सहदेवाचं घर! हाय काऽ?"

"हाय!"

उत्तर आलं, पण ते आवडीचं नव्हतं. स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला. किंचित घोगरा, सर्दी झाल्यासारखा. मंजुळाला तीन दिवसांपासून सर्दी होती.

ती धावत आत गेली. आवडी चटईवरच होती. भातुकली तशीच पडली होती. पण पोरीचे केस तेल लावून चप्प बसवलेले होते, आणि इवल्याशा दोन वेण्या घातलेल्या होत्या. तेलाला ओल्या मातीचा वास येत होता.

"वेण्या कुणी घातल्या?"

"आईनं," आवडी म्हणाली. आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

मंजुळा पोरीला उचलून जी पळत सुटली ती जानकीकाकूंच्या ओट्यावर येऊन थांबली.  काकूंनी आवडीच्या वेण्यांकडे पाहिलं आणि आतल्या गुरुजींना हाक मारली.

सहदेव आला तेव्हा पुरतं अंधारलं नव्हतं. जानकीकाकूंच्या ओट्यावर मंजुळाला बघून तो फाटकाशीच थबकला. "इथे काय करतेस?" तो विचारणार होता. तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या घरातून आवाज आला, "आलात का? चहा टाकते."

तो मंजुळाचा आवाज होता. आणि मंजुळा त्याच्या समोर, तोंड घट्ट मिटून, उभी होती.

सहदेवच्या हातातली सायकल आडवी झाली. मग तो नियमबियम काही बोलला नाही. वरच्या वाडीच्या वाटेला लागला तो धावतच, आणि वाटेतच उतरणाऱ्या कुशाबाला गाठून, धापा टाकत म्हणाला, "हवी. मला हाळी हवी."

कुशाबा फाटकाशी आला. गुरुजी, काकू, रामजी, सगळे रस्त्यावर उभे राहिले. म्हाताऱ्याने मंजुळाला जवळ बोलावलं.

"उशीर झाला गो. आता घरात दुसरी बाय हाय. तुमी तिगं आत जावा. मी हाक घालीन. जी आदी हाय म्हनंल, घर तिचं. दोघी एकदम बोललात, तर दोघी ऱ्हातील. आनि पोर दोघींची."

"आणि मी बोललेच नाही तर?"

 "तर घर तिचं," कुशाबा म्हणाला. " ती घरात, तुमी बाहेर. तुमच्या मागं यायचं तिला कारन नाय."

ती आत गेली. सहदेवने तिचा दंड धरला होता. पुढच्या खोलीत कंदील लावलेला होता. त्यांच्यापैकी कुणी लावला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात पडदा होता आणि पडद्याखाली पाय दिसत होते. बाईचे, घोट्यापर्यंत लाल मातीने भरलेले. स्टोव्हचा आवाज येत होता. आवडी मंजुळाच्या कडेवरून त्या बाजूला झुकली, हात पसरून, ओळखीच्या माणसाकडे झुकावं तशी.

"पटकन बोल हं," सहदेव कुजबुजला. "आपलं घर आहे. अजून हप्ते जायचेत. पटकन बोल."

मंजुळा पडद्याकडे बघत होती. तिने बोलायला श्वास घेतला, तर पडदाही आत ओढला गेला. तिने श्वास सोडला, पडदा सैल झाला. पुन्हा घेतला, पुन्हा तेच. तेव्हा तिला कळलं, की आपण कितीही घाई केली तरी आधी बोलणं होणार नाही. फार तर बरोबर बोलणं होईल.

बाहेरून हाक आली. "सहदेवाचं घर! हाय काऽ?"

मंजुळाने एका हाताने आवडीचं तोंड दाबलं, दुसऱ्या हाताने सहदेवचं. स्वतःचे ओठ दातांत धरले. आवडी तळहाताखाली धडपडत होती, तिचा गरम श्वास बोटांना लागत होता.  मग पडद्यामागून, अगदी हळू, खात्री नसल्यासारखं, कुणीतरी म्हणालं, "हाय."

कुशाबाची काठी पुढे गेल्याचा आवाज आला. मंजुळा मागे न वळता, पाठीनेच उंबरा ओलांडून बाहेर आली. कडेवर आवडी होतीच, सहदेवला ती अक्षरशः ओढत आणत होती.

"अगं, तू बोलली का नाहीस?" रस्त्यावर येताच तो ओरडला. "घर गेलं आपलं! घर दिलंस तू!"

"हो," ती म्हणाली. "दिलं."

ते महाडात चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, लग्नानंतर राहत होते त्याच खोलीत भाड्याने परत आले. घर विकायचं नाव सहदेवने काढलं नाही. हप्ते पगारातून कापले जात राहिले. वर्गणीचं तो काही बोलत नसे.

पुढच्या वर्षी मार्चात तळ्यावर माणसांची गर्दी होती. त्या गर्दीत जानकीकाकू भेटल्या. आवडीच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "केवढी झाली गं!" मग जरा घुटमळल्या. "घराची काळजी करू नका हो. दिवा वेळेवर लागतो. वर्गणी पायरीवर ठेवलेली असते, कधी चुकत नाही. थोडी ओली असते नोट, पण आमचे हे ती वाळवून घेतात. मागच्या मिटिंगला तू आली होतीस... म्हणजे, आली होती ती. मागे बसून होती. बोलली काही नाही."

मंजुळाने आवडीचा हात घट्ट धरला.

"काकू, तिच्याजवळ मूल होतं?"

"नाही गं बाई. एकटीच होती."

"नक्की?"

"एकटीच. मी नीट पाहिलं."

"मग असू दे," मंजुळा म्हणाली, आणि पोरीला उचलून गर्दीतून वाट काढू लागली.