टिकलीतलं लोखंड

विद्याश्रीनं चुंबक जवळ नेलं आणि टिकलीच्या कडेची काळी पूड टुणकन उडून त्याला चिकटली. पीएचडीची सगळी वर्षं त्या एका उडीत संपली.

टिकली म्हणजे दाबून घट्ट केलेली अतिवाहकाची पूड. हा पदार्थ भयंकर थंड केला की वीज बिनबोभाट वाहून नेतो. त्याला चुंबकत्वाचं वावडं. दोघं सहसा एका घरात नांदत नाहीत. नांदतात का, हे बघायला परदेशातल्या यंत्रात त्यावर म्युऑन नावाचे कण सोडतात. बिचारा म्युऑन पापणी लवायच्या आत मरतो, पण मरता मरता आतली भानगड सांगून जातो. विद्याश्रीच्या टिकलीतल्या म्युऑननी सांगितलं, नांदतात. लेख छापून आला. गल्लीतल्या तालीम मंडळानं चौकात अभिनंदनाचा डिजिटल फलक लावला. त्यावर तिच्यापेक्षा नगरसेवक मोठे होते आणि सगळे मोबाईलवर बोलत होते.

म्युऑन खोटं बोलले नव्हते. टिकलीत लोखंडच होतं. ती ज्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात दाबली, तो डाय तिच्या वडिलांनी, चन्नवीर अप्पांनी, शिरोलीतल्या आपल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये लेथवर करून दिला होता. पोरीच्या शास्त्राला आपलाही हात लागावा, एवढीच हौस. त्या डायची भिंत झडून पुडीत मिसळली होती.

गाईड सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं, चूक जगात कुणीतरी दाखवेलच, आपण कशाला घाई करायची. तोवर तिची पदवी आणि त्यांची बढती, दोन्ही उरकतील. लेख मागं घेतलास तर पदवी विसर, हे त्यांनी चहा सांगता सांगता सांगितलं.

तिनं लेख मागं घेतला. पदवी गेली, यंत्राची दारंही बंद झाली. डिजिटल उतरवा म्हणून ती तालमीत गेली, तर परवानगी रविवारपर्यंत आहे, आधी उतरवून काय मिळणार, असं उत्तर आलं.

राहिले अप्पा. डायचं नाव काढायचं नाही असं ठरवून ती शेडमध्ये गेली आणि नमुन्यात लोखंड गेलं होतं एवढंच म्हणाली.

"कुठनं गेलं?"

तिनं लेथखालचा लोखंडी कीस पायानं बाजूला सारला.

"माझ्या डायमधनं व्हय?"

"न्हाय अप्पा. मीच आधी तपासायला पाहिजे होतं."

हेही खरंच होतं, पण अप्पांच्या काही उपयोगाचं नव्हतं. त्यांनी लेथ बंद केला. घरी येऊन ताटावर बसले आणि तसेच उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला शेडवर बोलावून घेतलं. शेडमधल्या सगळ्यात कडक पोलादाचा नवा डाय त्यांनी केला होता. आतून असा घासला होता की तोंड दिसावं.

"ह्यो झडायचा न्हाय," अप्पा म्हणाले. "परत कधी लावायची टिकली?"

विद्याश्रीनं डाय हातात घेतला. चांगलाच जड होता.

"दिवाळीनंतर," ती म्हणाली. "तिकडच्या यंत्रावर नंबर लागलाय."

अप्पांनी हात धुतले आणि डबा उघडला.